मराठी पद्याचीं तीन मापें

कविता म्हणजे काय, हा प्रश्न निघाला कीं सुशिक्षित मंडळींत लागलीच दोन तट पडतात. एका पक्षाचें म्हणणें, रस असेल तेथें कविता; वृत्त हा केवळ बाहेरचा पोशाख. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें, ज्याला चरण नाहींत आणि यमक नाहीं त्याला कविता म्हणावें तरी कशाला? हा वाद फार जुना आहे आणि एका भाषणांत मिटण्यासारखा नाहीं. म्हणून त्याहून लहान, परंतु ज्याचें उत्तर देतां येतें, असा प्रश्न मी आज आपल्यापुढें ठेवणार आहें. धान्य पायलीनें मोजावें, कापड गजानें मोजावें, तसें मराठी माणूस कविता मोजतो कशानें? या प्रश्नाचा इतिहास सातआठशें वर्षांचा आहे. आणि त्या इतिहासाचा समग्र हिशेब ज्या ग्रंथांत मांडला गेला, त्याला पूर्ण रूप आलें तें त्याचा कर्ता कोल्हापुरांत प्राध्यापक असतांना.

उत्तर प्रथमच सांगून टाकतों. आपल्याकडे पद्य मोजण्याच्या रीती मुळांत तीनच आहेत. पहिल्या रीतींत नुसतीं अक्षरें मोजावयाचीं. अक्षर ऱ्हस्व कीं दीर्घ, हें पाहावयाचें नाहीं. याला छंद म्हणतात. दुसऱ्या रीतींत अक्षरांची संख्या तर ठरलेली असतेच, पण कोणत्या जागीं लघु आणि कोणत्या जागीं गुरु यावा हेंही ठरलेलें असतें. याला वृत्त म्हणतात. तिसऱ्या रीतींत अक्षरें किती आलीं याला महत्त्व नसून उच्चाराला वेळ किती लागला याला महत्त्व असतें. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, अशी बेरीज करून चरण भरावयाचा. याला जाति म्हणतात. ओवी, अभंग, श्लोक, आर्या, लावणी, पोवाडा, सुनीत, गज्जल हीं नांवें ऐकून प्रकारांची मोठी गर्दी वाटते. पण या गर्दींतील बहुतेकांचें माप या तिहींपैकीं एक असतें.

यांतील पहिलें माप सर्वांत घरगुती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथांत, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडण करतांना ओवी गातात असा उल्लेख आहे. आपल्या काव्येतिहासाच्या आरंभींच मुसळ धरणारी बाई उभी आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ओवीचे तीन चरण यमकानें बांधलेले आणि चौथा आंखूड व मोकळा, हें तिचें ग्रंथांतील रूप. चरणांतील अक्षरांची संख्या थोडी कमीजास्त झाली तरी ती कुरकुरत नाहीं. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील टीकेसाठीं हेंच माप घेतलें. गीतेचा अर्थ प्राकृतांत सांगावयाचा, तर तो बायकांच्या व कष्टकऱ्यांच्या ओळखीच्या चालींत सांगावा, हा निर्णय केवळ वाङ्मयीन नव्हता.

अभंग हें ओवीचेंच बांधीव रूप. मोठ्या अभंगांत सहा, सहा, सहा आणि चार अशीं बावीस अक्षरें. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांच्या शेवटीं यमक. लहान अभंगांत आठ आणि आठ. ही मोजणी कशी करावी हें सांगणारा एक अभंगच नामदेवांच्या नांवावर आहे. म्हणजे संतांना हिशेबाची पर्वा नव्हती, असें समजण्याचें कारण नाहीं. मात्र हा हिशेब बोटांवर करतां येतो. त्यासाठीं गण पाठ असण्याची, संस्कृत पाठशाळेंत पाऊल ठेवण्याची गरज नाहीं. जनाबाई दासी होती आणि चोखामेळा महार होता. ज्यांना पाठशाळेचें दार बंद होतें त्यांना या मापासाठीं कोणाची परवानगी मागावी लागली नाहीं. काव्याचा प्रकार कोणता, या प्रश्नांत काव्याच्या देवडींतून आंत कोण येऊं शकतो, हाही प्रश्न नेहमीं दडलेला असतो.

अक्षरें मोजतांना एक गंमत होते. 'कोल्हापूर' हा शब्द आपण रोज बोलतों तेव्हां 'कोल्', 'हा' असें न तोडतां 'को', 'ल्हा', 'पूर्' असे तीनच ठोके देतों. अभंगांत मात्र तींच चार अक्षरें होतात. शेवटचा 'र' पुरा उच्चारून भजनी मंडळी त्याला टाळेवर बसवितात. बोलण्यांत जो 'अ' आपण गिळतों, तो गाण्यांत परत येतो. लिहिलेल्या पानावर हा फरक दिसत नाहीं. तो कानालाच कळतो. पुढच्या सर्व विवेचनाचें बीज येथेंच आहे.

आतां दुसऱ्या मापाकडे वळूं. लघु व गुरु हीं दोनच नाणीं घेऊन तीन-तीन अक्षरांचे गट पाडले, तर आठच प्रकारचे गट पडूं शकतात. हेच ते आठ गण. शाळेंत ज्यांनीं परशुरामपंत गोडबोले यांच्या 'वृत्तदर्पणा'च्या परंपरेंतील पुस्तकांवरून गण पाडले असतील, त्यांना या विषयाचा कंटाळाच अधिक आठवेल. तेव्हां कोल्हापूरकरांच्या ओळखीचा एक शब्द घेऊं. 'पन्हाळा' हा शब्द सावकाश उच्चारा. पहिलें अक्षर लघु, पुढचीं दोन गुरु. हा 'य' गण झाला. आतां तोच शब्द एका श्वासांत चार वेळां म्हणा. जो चरण तयार होतो त्याचें नांव भुजंगप्रयात. रामदासांच्या मनाच्या दोनशें पांच श्लोकांची चाल तीच. ती चाल लहानपणीं ज्यांच्या कानांवरून गेली आहे त्यांना गणांचें कोष्टक न पाहतांही ओळख पटेल.

याच शब्दांत आणखी एक धडा आहे. संस्कृत शास्त्राचा नियम असा कीं, जोडाक्षराच्या मागचें अक्षर गुरु होतें. त्या नियमानें 'पन्हाळा'तील 'प' गुरु मानावा लागेल. पण कोणताही मराठी माणूस त्या 'प'वर जोर देत नाहीं, कारण आपल्या तोंडीं 'न्ह' हा एकच सुटा, श्वासयुक्त वर्ण आहे. 'तुझ्या' या शब्दांतील 'तु' असाच हलका राहतो, आणि 'पुण्य' या शब्दांतील 'पु' मात्र आघातानें जड होतो. लिपी दोन्हीकडे जोडाक्षरच दाखविते. निवाडा उच्चार करतो. शास्त्र संस्कृताचें आणि जीभ मराठी, हा झगडा आपल्या पंडित कवींना पदोपदीं सोडवावा लागला. वामनपंडितांनीं आणि रघुनाथपंडितांनीं श्लोकरचनेंत विलक्षण प्रौढी मिळविली. पण वृत्ताची जागा भरण्यासाठीं ऱ्हस्वाचें दीर्घ व दीर्घाचें ऱ्हस्व करण्याची मोकळीकही मराठी श्लोकांत रूढ झाली. एकोणीस अक्षरांच्या शार्दूलविक्रीडितांत बाराव्या अक्षरावर यति, म्हणजे विसावा, सांभाळून मराठी वाक्य सरळ चालविणें हें सोपें काम नव्हे.

पन्हाळ्याचें नांव घेतलें तें आणखी एका कारणासाठीं. मोरोपंतांचा जन्म १७२९ सालीं पन्हाळगडावर झाला. पुढें ते बारामतीस गेले आणि १७९४ मध्यें निवर्तले तोंवर त्यांची लेखणी थांबली नाहीं. 'केकावली'साठीं त्यांनीं सतरा अक्षरांचें पृथ्वी वृत्त निवडलें; पण महाभारताएवढा विस्तार उरकावयाचा होता तेव्हां त्यांनीं तिसरें माप हातीं घेतलें. पंतांची आर्या बहुतेक ठिकाणीं शास्त्राच्या भाषेंत गीति आहे. तिच्या प्रत्येक अर्धांत बारा आणि अठरा मिळून तीस मात्रा असतात. मात्रांच्या हिशेबांत एका गुरूऐवजीं दोन लघु चालतात. लांबच लांब समास असो किंवा घरगुती मराठी शब्द असो, दोघांनाही तेथें जागा मिळते. ज्ञानेश्वरांना ओवी, तुकारामांना अभंग, वामनपंडितांना श्लोक आणि मोरोपंतांना आर्या अशी वांटणी लोकांनीं करून ठेवली आहे. ती कौतुकाची असली तरी खरी आहे. प्रत्येक कवीनें आपल्या कामाला सोसेल असें माप उचललें.

तिसऱ्या मापाचे दुसरे धनी शाहीर. १६५९ मधील अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासानें रचलेला पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांत फार जुना मानतात. पेशवाईच्या उत्तरार्धांत अनंत फंदी, राम जोशी, होनाजी, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ यांच्या लावण्यांनीं व पोवाड्यांनीं फड गाजविले. डफ, तुणतुणें, ढोलकी यांच्या ठेक्यांत शब्द बसवावयाचा म्हटल्यावर अक्षरें मोजून भागत नाहीं. कालच मोजावा लागतो. दोन अक्षरें लांबवून चार अक्षरांची जागा भरावी, पांच अक्षरें घाईनें म्हणून तीन अक्षरांच्या जागेंत कोंबावीं, हें शाहिराला कोणत्याही ग्रंथानें शिकविलें नाहीं. कोल्हापुरांत ही विद्या विसाव्या शतकांतही जिवंत होती. शाहीर पिराजीराव सरनाईक यांचा पोवाडा ऐकलेल्या पिढीला तें सांगावयास नको.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी काव्याच्या परिचयानें नवे प्रकार आले. कवीचा स्वतःचा क्षणिक भाव हाच कवितेचा विषय झाला. केशवसुतांनीं १८९२ मध्यें 'मयूरासन आणि ताजमहाल' ही चौदा ओळींची कविता लिहिली, आणि इटलींत वाढून इंग्लंडांत रुजलेला तो प्रकार मराठींत आला. त्याला पुढें सुनीत हें नांव रूढ झालें. येथें एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. घराचा नकाशा परदेशीं होता, पण विटा देशी राहिल्या. इंग्रजी आघातांचें माप कोणी आणलें नाहीं. मराठी सुनीत बहुतकरून शार्दूलविक्रीडितासारख्या जुन्या वृत्तांतच उभें राहिलें. कवितेचा घाट बाहेरून उसना घेतां येतो. तिची लय मात्र भाषेच्या उच्चारांतूनच घ्यावी लागते.

अशा प्रकारें तिन्ही मापें वापरांत होतीं, पण त्यांचा एकत्र, चिकित्सक हिशेब मराठींत नव्हता. तो माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच कवि माधव जूलियन, यांनीं मांडला. त्यांचा जन्म बडोद्यास १८९४ मध्यें झाला. पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत ते फारसी शिकवीत. १९२३ मध्यें निघालेल्या रविकिरण मंडळांतील ते एक प्रमुख कवि. १९२५ मध्यें त्यांचा फारसी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. १९२८ पासून ते कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत अध्यापन करूं लागले, आणि १९३९ च्या नोव्हेंबरांत वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं त्यांचें निधन झालें. 'छन्दोरचना' या ग्रंथाची पहिली आवृत्ति १९२७ ची. परंतु जिच्यामुळें तो ग्रंथ प्रमाण मानला जातो ती सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ति १९३७ ची, म्हणजे कोल्हापुरांतील दिवसांची. त्या ग्रंथासाठीं १९३८ सालीं मुंबई विद्यापीठानें त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. मराठींतील प्रबंधाला मिळालेली ही त्या विद्यापीठाची पहिलीच डी. लिट्.

या ग्रंथाचें महत्त्व वृत्तांची नांवें गोळा करण्यांत नाहीं. पटवर्धनांनीं पद्याचें लक्षण लयीवर बसविलें, आणि तीन मापांमधील भेद कानाच्या साक्षीनें स्पष्ट केला. अभंग-ओवींत लघुगुरुभेदच नाहीं, तेथें प्रत्येक अक्षर गुरूसारखें सारख्या तोलानें उच्चारलें जातें, हें त्यांनीं दाखविलें. जातींच्या बाबतींत ते याहून पुढें गेले. गाण्यासारख्या रचनेंत ठराविक मात्रांचा गट पुनःपुन्हां येतो, त्याला त्यांनीं आवर्तन म्हटलें आणि चार मुख्य गटांना चार सुंदर नांवें दिलीं. आठ पाकळ्यांचें कमळ म्हणून आठ मात्रांचा गट तो पद्म. सात जिव्हांचा म्हणून सात मात्रांचा तो अग्नि. सहा पायांचा भुंगा म्हणून सहा मात्रांचा तो भृंग. पांच मुखांचा शंकर म्हणून पांच मात्रांचा तो हर.

हीं नांवें पुस्तकी वाटत असतील तर कोल्हापुराच्या रस्त्यांवरून एक फेरी मारूं. 'अंबाबाई' या शब्दांत चार गुरु आहेत. आठ मात्रा झाल्या, हा पद्म. 'पंचगंगा' म्हणा: दोन, एक, दोन, दोन, सात मात्रा, हा अग्नि. 'रंकाळा' तीन गुरूंचा. सहा मात्रा, हा भृंग. आणि 'जोतिबा': दोन, एक, दोन; पांच मात्रा, हा हर. प्रत्येक नांव चार-चार वेळां टाळी देऊन म्हणून पाहा. चारींची चाल वेगळी पडते, आणि एकाच्या मधें दुसरें घुसडलें तर शास्त्र न शिकलेलें मूलही अडखळेल. छंदःशास्त्र म्हणजे या अडखळण्याचें कारण सांगणारी विद्या. त्याहून अधिक गूढ तिच्यांत कांहीं नाहीं.

पटवर्धन नुसते शास्त्रज्ञ नव्हते. फारसीच्या व्यासंगामुळें गज्जल मराठींत रुजविण्याचा उद्योग त्यांनीं केला. 'गज्जलांजलि' १९३३ मध्यें निघाली. फारसी गज्जलेच्या चालींतही लघुगुरूंचा क्रम बांधलेला असतो, म्हणून त्या चाली मराठी वृत्तांच्या रीतीनें मांडतां आल्या. या बाबतींत त्यांच्यावर एक न्याय्य आक्षेप आहे. गज्जलेचें माप त्यांनीं आणलें, पण तिची रचना पूर्णपणें आणली नाहीं. त्या रचनेंत प्रत्येक द्विपदी स्वतंत्र कविता असावी लागते, आणि तिला काफिया व रदीफ यांचें बंधन असतें. त्यांच्या पुष्कळ गज्जला एकाच भावाचीं सलग गीतें आहेत. गझलेचें हें तंत्र पुढें सुरेश भट (१९३२–२००३) यांनीं आग्रहानें शिकविलें व स्वतः पाळलें. लयीच्या दृष्टीनें मराठी छंदोरचनेचा पुनर्विचार ना. ग. जोशी यांनीं १९५५ मध्यें मांडला. पायाभूत ग्रंथाचें भाग्य असेंच असतें. पुढील सर्वांना त्याच्याशीं भांडावें लागतें.

परंतु खरी कसोटी निराळीच आली. कोल्हापुरांत या मापांचा हिशेब पुरा होत होता त्याच दशकांत कवि अनिल मुक्तछंदाचा पुरस्कार करीत होते. ठरलेली अक्षरसंख्या नाहीं, लघुगुरूंचा क्रम नाहीं, ओळींची लांबी अर्थाप्रमाणें कमीजास्त. मग तीन मापांचें काय झालें? तीं निकालांत निघालीं कीं काय? इतिहास असें सांगत नाहीं. आकाशवाणींत काम केलेले बा. सी. मर्ढेकर यांनीं १९४७ च्या 'कांहीं कविता' या संग्रहांत यंत्रयुगांतील माणसाची ओढाताण सांगण्यासाठीं ओवी आणि अभंग हींच मापें पुन्हां जवळ केलीं. ज्यांचें शिक्षण कोल्हापुरांत झालें त्या विंदा करंदीकरांनीं मुक्त सुनीत लिहिलें, तालाचे प्रयोग केले, आणि आयुष्याच्या उत्तरकाळीं 'अष्टदर्शनें' या ग्रंथांत पाश्चात्य व भारतीय तत्त्वज्ञांचा विचार अभंगांत सांगितला. नवीनांत नवीन आशयाला सर्वांत जुनें माप पुरलें. आणि चांगला मुक्तछंद मोठ्यानें वाचला तर तेथेंही बोलीची लय जाणवते; ती आधीं ठरविलेली नसते, एवढाच भेद.

आरंभींच्या दोन पक्षांना आतां एवढें सांगतां येईल. वृत्त हा पोशाख म्हणणाऱ्यांनीं ओवीचा इतिहास पाहावा. ती चाल कोणीं कवितेवर बाहेरून चढविली नाहीं. ती काम करणाऱ्या हातांच्या आणि श्वासाच्या बरोबरीनें गाइली गेली. आणि चरणयमकांनाच कविता म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं माप निर्दोष असूनही पायली रिकामी असूं शकते. पटवर्धनांनीं पद्याचें शास्त्र लिहिलें. पद्य म्हणजेच काव्य, असें शास्त्र लिहिलें नाहीं.

राहिली एक चिंता, आणि ती आपल्यासारख्या शिकलेल्या घरांची आहे. हीं तिन्ही मापें डोळ्यांचीं नाहींत, कानांचीं आहेत. ज्या घरांत आजीच्या ओव्या थांबल्या, आर्या सांगणारे कीर्तनकार दूर गेले, आणि मुलें कविता मनांतल्या मनांत वाचून तिच्याखालच्या प्रश्नांचीं उत्तरें लिहूं लागलीं, तेथें पुस्तकांचें कपाट भरलेलें असूनही लय हरवूं शकते. एका पिढीनें न ऐकलेली चाल पुढच्या पिढीला छापील खुणांवरून परत मिळविणें फार कठीण. 'छन्दोरचने'सारखा ग्रंथ लघुगुरूंच्या खुणा जपून ठेवील. आवाज जपून ठेवणें त्याच्या हातीं नाहीं. तें काम घरांतच व्हावयास हवें. रात्रीं जेवणें आटोपल्यावर मुलाच्या पाठ्यपुस्तकांतील एक कविता कोणीतरी मोठ्यानें म्हणावी, मुलाला टाळी धरूं द्यावी, आणि तो कोठें अडखळतो हें पाहावें. अडखळला तर चूक म्हणणाराची कीं कवीची, याचा निर्णय त्यालाच करूं द्यावा.